केमच्या फलाटावरची कोरी चादर

डिसेंबर लागला, बाजारात हुरडा दिसायला लागला की माझं डोकं फिरतं. लोकांना थंडी सुखाची वाटते. शेकोटी काय, गूळ-शेंगा काय, पाठीवरचं कोवळं ऊन काय! मला थंडी म्हटली की आधी राग येतो. पन्नास वर्षं झाली त्या रागाला, पण मेला अजून पुरता विझत नाही. राखेखाली धुगधुगत असतो आणि कुणी फुंकर मारली की पेटतो.

यंदा फुंकर मारली मनूनं. मनू म्हणजे माझी नात. पुण्यात नोकरी करते आणि सुट्टी मिळाली की डोंगर चढते. परवा घरी आली ती पाठीवर ही एवढी सॅक घेऊन, आणि जेवण झाल्यावर म्हणते, “आजी, मी आज गच्चीवर झोपणार.” का, तर म्हणे टेस्ट. डोंगरात वाट चुकली, अंधार पडला आणि अचानक उघड्यावर रात्र काढायची वेळ आली, तर दिवसाच्या सॅकमधल्या सामानावर निभतंय का ते बघायचं. सगळं सामान तिनं माझ्या पलंगावर मांडलं. बोटाएवढी बॅटरी, शिट्टी, सुकामेवा, आणि चुरचुर वाजणारा एक चांदीसारखा कागद. तो कागद म्हणजे पांघरूण! मी कपाटातून माझी जुनी चादर काढून दिली. तिनं हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं आणि परत दिली. “जड होते गं आजी.”

“बये,” मी म्हटलं, “ही आता हलकी झालीय. कोरी होती तेव्हा उचलायला हवी होतीस.”

पण ती जिना चढून गेलीसुद्धा. आमच्या सोलापूरच्या सात रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज हळूहळू कमी झाला, मी दिवा मालवला, आणि झोप काही येईना. मला टेस्ट म्हणजे काय ते सांगते! माझ्या टेस्टवर माझी नोकरी टांगलेली होती.

बहात्तरचा दुष्काळ सरून ज्वारी पुन्हा डोक्याएवढी झाली, त्या वर्षीचा हिवाळा. मला जिल्ह्यातल्या बालवाड्या तपासायची नोकरी लागली होती. आम्ही तेव्हा मिलच्या मागच्या गल्लीत राहायचो. दोन खोल्या, वर मातीचं माळवद, माळवदावर जायला अंगणातून शिडी. घरात माणसं तीन. आप्पा, म्हणजे माझे वडील, मिलमध्ये चादरींच्या मागावर. आई अक्कलकोटकडची, रागावली की कानडीत जाणारी. आणि एकुलती एक मी. ऑर्डर हातात होती, तिच्यात लिहिलेलं होतं की महिनाअखेरच्या आत हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली जाईल. कुंभारीसारखी जवळची गावं असती तर आप्पांनी तोंडही उघडलं नसतं. पण माझ्या वाट्याला आला होता करमाळा तालुका. सकाळच्या गाडीनं केमला उतरायचं, वाड्यावस्त्या पायी करायच्या, संध्याकाळच्या गाडीनं परत.

“जाताना जाशील गं,” आप्पा म्हणाले. “येताना गाडी चुकली तर? रात कुटं काडशील?”

“चुकणार नाही.”

“चुकली तर?”

“बरोबर सामान ठेवीन. एक रात्र निघेल एवढं.”

आप्पांनी विडी विझवली. “दाव की मग. माळवदावर एक रात काड. पिशवीत असंल तेवढंच वापरायचं. सकाळचा भोंगा हुईस्तोवर खाली यायचं न्हाय. जमलं तर जा नोकरीला.”

आता तुम्ही म्हणाल, किती समंजस बाप! त्या काळात दुसरा असता तर ऑर्डर फाडून चुलीत घातली असती. मलाही असंच वाटलं होतं. पण आमच्या घरात प्रेम करायची एकच रीत होती, समोरच्याला न विचारता करायचं. त्या रीतीनं माझा जो छळ झाला तो शत्रूनंही केला नसता.

पिशवी मी मंगळवार बाजारातून आणली. खाकी कॅनव्हासची, जुनी, पण पट्टे मजबूत. तिच्यात काय काय बसेल याचा आठवडाभर खल केला. कडक भाकऱ्या आठ, कारण त्या आठवडाभर टिकतात आणि दप्तरात पाटीसारख्या उभ्या राहतात. शेंगाचटणीची पुडी. फिरकीच्या तांब्यात पाणी. बॅटरी, काडेपेटी, मेणबत्ती, कानटोपी, लोकरीचे मोजे. आणि तळाला आमची घरातली जुनी चादर, लहानपणापासून मी जिच्यात झोपत आले ती. तिची किनार विरलेली, मधला मोर धुऊन धुऊन कोंबडीसारखा दिसायला लागलेला. पण अंगावर घेतली की मांजरासारखी बिलगायची.

पहिली रात्र. मी वर गेले, भाकरी-चटणी खाल्ली, चादर लपेटली आणि झोपले. झोप लागली हो, छान लागली! पहाटे भोंगा झाला, डोळे उघडले, बघते तर अंगावर दोन चादरी. माझी आणि आप्पांची. उशाशी झाकलेला दुधाचा पेला, आईचा. खाली उतरले तर आप्पा दात घासत उभे.

“नापास,” म्हणाले.

“का?”

“माजी चादर घेतलीस की.”

“मी घेतली? तुम्ही घातलीत! मी झोपेत होते.”

“झोपेत का हुईना. पिशवीतली न्हवती.”

मी नुसती थरथरत होते, थंडीनं नव्हे, रागानं. स्वतः मध्यरात्री शिडी चढून पांघरूण घालायचं आणि सकाळी स्वतःच नापास करायचं! कुठल्या शाळेत असली परीक्षा असते? आईला सांगायला गेले तर ती म्हणाली, “दूध का नाही प्यालीस?”

दुसऱ्या खेपेला मी हुशारी केली. वर गेल्यावर शिडीच ओढून घेतली. म्हटलं आता या! तर आईनं अंगणात उभं राहून हाका मारायला सुरुवात केली. कुसुम, पाणी हाय का? कुसुम, कान झाकलेस का? कुसुम, खोकलीस का आत्ता? मी उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं, तर ती घाबरली आणि आणखी मोठ्यानं ओरडायला लागली. सगळी गल्ली जागी झाली. शेजारच्या विणकरांच्या घरातली राजम्मा कंदील घेऊन बाहेर आली आणि घरात तेलगूत काहीतरी सांगून मला मराठीत म्हणते, “काय गं कुसुम, लग्नाला नको म्हणून वर चढून बसली काय?”

“साकु, साकु!” आई माझ्यावरच खेकसली. पुरे झाला तमाशा, उतर खाली. उतरले. दुसऱ्या दिवशी मी कुठल्या मुलाला नकार दिला याचीही बातमी गल्लीत तयार होती. नळावर दोघींनी तर त्या मुलाचं गावसुद्धा मला सांगितलं.

महिना संपायला पाच दिवस उरले तेव्हा मी आईसमोर रडले. खरंच रडले. म्हटलं, “तुम्हाला मला पाठवायचं नाही तर तसं सांगा. हे नाटक कशाला?”  त्या रात्री आई आप्पांच्या अंथरुणाशी, दारात आडवी झोपली, ते उठले तर तिला ओलांडून जावं लागेल अशी. आणि मी माळवदावर एकटीनं, मोजे, कानटोपी आणि माझ्या जुन्या चादरीसह रात्र काढली. गल्लीतली कुत्री, लांबून मालगाडीची शिट्टी, दव पडून ओलसर झालेली चादर. पण आतून ऊब. भोंगा झाला, मी शिडी उतरले.

आप्पांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. कपाळाला हात लावला. “बरं,” म्हणाले. “पण एक सांगतो. तितं एका जरी रातीला कुडकुडलीस, तर राजीनामा. माज्यासंगं खोटं बोलायचं न्हाय.”

मी हो म्हटलं. हो म्हणायला काय लागतं!

जानेवारीत एकदा केमहून दोन-तीन मैलांवरच्या वस्तीवर दोन बालवाड्या तपासायच्या होत्या. पोरांची वजनं घेतली, पाट्या बघितल्या, पोरांना खायला मिळणाऱ्या सुकडीचा डबा बघितला. काम लवकर उरकलं होतं. पण त्या वस्तीवर हुरड्याची आगटी पेटली होती आणि बालवाडीच्या बाई हात धरून म्हणाल्या, “असं कसं जाता, चार दाणे खाऊन जावा की.” चार दाण्यांचे चारशे झाले. मग शाळूच्या रानातून धावतपळत स्टेशनकडे आले, तर गाडीचा लाल दिवा लांब जाताना दिसला. चूक माझीच. जीभ माझी, चूक माझी.

पुढची गाडी पहाटेची. स्टेशनमास्तर भला माणूस, म्हणाला, “ताई, क्वार्टरमध्ये चला, घरी मंडळी आहेत, झोपा निवांत.” आणि मी, तिसऱ्या खेपेला पास झालेली बाई, मान ताठ करून म्हणाले, “नको, माझ्याकडे सगळं सामान आहे.” काय मेला ताठा होता! आज आठवलं की स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

निंबाखालच्या दगडी बाकावर बसले. भाकरी खाल्ली, मोजे चढवले, कानटोपी घातली आणि चादर काढायला पिशवीत हात घातला. हाताला काहीतरी कडक लागलं. बॅटरी लावली. पिशवीत माझी चादर नव्हती. तिच्या जागी कोरी करकरीत चादर होती, लाल-पांढरी, मोर अगदी मोरासारखा, घडीवरचा कागदसुद्धा तसाच. सकाळी पिशवी आप्पांनीच भरून दारात ठेवली होती. परीक्षा घेतली एका चादरीची आणि प्रवासाला धाडली दुसरी! पोरीनं चारचौघांत फाटकी चादर पांघरू नये, एवढाच विचार. तोही मला न विचारता.

म्हटलं असू दे, नवी आहे, जाड आहे, जास्तच ऊब देईल. अंगावर घेतली आणि कळलं. ती चादर अंगाला लागेचना. खळीनं पत्र्यासारखी ताठ. डावीकडून दाबली की उजवीकडून उघडी पडायची, पायाशी खोचली की खांद्यावरून वारा शिरायचा. कूस बदलली की करकर वाजायची. नाकात खळीचा आंबूस वास. दोन तास मी त्या चादरीशी कुस्ती केली. आप्पांना, आईला, हुरड्याला, मोराला, सगळ्यांना शिव्या घातल्या. आणि सगळ्यात जास्त भीती होती ती थंडीची नव्हती. उद्या आप्पा विचारणार आणि माझी नोकरी जाणार, ही होती.

बाकाच्या पलीकडे खाली एक म्हातारी पाटीला टेकून निजली होती. बोरं घेऊन पहाटेच्या गाडीनं कुर्डुवाडीच्या बाजाराला निघालेली. ती उठून बसली.

“ए पोरी, तुजी दातं वाजत्यात. मला झोप लागंना.”

“थंडी वाजतेय हो.”

“चादर हाय की.” तिनं हात लांब करून चिमटीत कापड धरलं. “कोरी हाय व्हय? आगं येडे, कोऱ्या कापडात कुटली ऊब? चार पानी गेल्याबिगर, चारदा धुतल्याबिगर चादर अंगाला लागत न्हाय. कुनी दिली?”

“वडलांनी. ते मिलमध्ये असतात. चादरीच विणतात.”

म्हातारी माझ्याकडे बघत राहिली आणि मग जी हसायला लागली ती खोकला येईपर्यंत. “चादरी इनतोय? आन त्येला एवडं बी ठावं न्हाय?”

मला तिचा असा राग आला! माझ्या बापाला हसतेस? त्यांच्याइतकी चादर कुणाला कळते? आवाजावरून सांगायचे मागाचा कुठला धागा तुटला ते. 

पण आप्पांना खरंच ठाऊक नव्हतं. ठाऊक असणार कसं? मिलमधून वर्षाला एक चांगली चादर घरी यायची, ती कागदासकट ट्रंकेत जायची. तिथून आत्याच्या लग्नाला, डॉक्टरांना, गुरुजींना, कुणाच्या बाळंतविड्याला. आमच्या अंगावर यायच्या त्या डागी निघालेल्या, आज्जीपासून वापरून वापरून विरलेल्या. वीस-बावीस वर्षं हा माणूस रोज नव्या चादरी विणत होता आणि नव्या चादरीखाली एक रात्रही झोपला नव्हता. त्याला वाटत होतं, नवी ती जास्त उबदार. कुणालाही वाटेल. त्यानं आपल्याला ठाऊक असलेली सगळ्यात चांगली वस्तू माझ्या पिशवीत घातली होती, आणि मी त्याला शिव्या घालत होते.

रडू आलं. म्हातारीला वाटलं थंडीनंच. “ये हितं,” म्हणाली आणि स्वतःची वाकळ उचलून धरली. चिंध्यांची, धुराच्या वासाची, बोरांच्या वासाची वाकळ. मी तिच्या पाठीला पाठ लावून झोपले. वरून माझी कोरी चादर टाकली, वाऱ्याला आडोसा म्हणून. तेवढाच तिचा उपयोग.

सकाळी सोलापूरला उतरले तर फलाटावर आप्पा. कधी एक खाडा न करणारा माणूस पाळी सोडून आला होता, आणि किती वेळ उभा होता कोण जाणे. डोळे तांबारलेले. कुठं होतीस नाही, कशी आलीस नाही. एकच शब्द.

“थंडी?”

खरं सांगितलं असतं तर त्याच दिवशी राजीनामा. आणि त्या माणसाला हेही कळलं असतं की आपल्याच चादरीनं पोरगी गारठली. मी म्हटलं, “अजिबात नाही आप्पा. लई ऊब होती चादरीला.”

त्यांचा चेहरा असा काही खुलला की मला मान वर करवेना. त्यांनी माझ्या हातातून चादरीची घडी घेतली, तिच्यावरून हात फिरवला. “माज्या मागावरची हाय ती,” म्हणाले आणि स्टेशनाबाहेर येईपर्यंत ती स्वतःच काखेत धरून चालले.

खोटं बोललं की त्याची शिक्षा असतेच. माझी शिक्षा म्हणजे त्यानंतर दर हिवाळ्याला आप्पा एक नवी चादर माझ्या पिशवीत घालायला लागले. आहेर बंद, डॉक्टर बंद, सगळ्या चादरी मला! स्वतः पिशवी भरायचे, वर आणखी सांगायचे, “जुनी घेऊ नगंस, हिला ऊब हाय.” मग मी गुपचूप जुनीही तळाशी कोंबायची. एवढं ओझं घेऊन वाड्यावस्त्या तुडवायच्या. खांद्याला वळ उठायचे. मी चिडायचे, आईवर ओरडायचे, आणि सांगू कुणालाच शकायचे नाही. सहा हिवाळे मी दोन चादरी वाहिल्या. एक थंडीसाठी, एक आप्पांसाठी.

काल सकाळी मनू गच्चीवरून खाली आली. नाक लाल, ओठ निळसर, केसांत दव. हातात तो चुरगळलेला चांदीचा कागद.

“थंडी वाजली का गं?” मी विचारलं.

“अजिबात नाही आजी! मस्त झोप लागली.”

मी चहा गाळत राहिले. हे उत्तर मी पुरतं ओळखते. विचारणाऱ्याकडे न बघता, जरा जास्तच जोरात दिलेलं. माझं उत्तर आप्पांनी ओळखलं नाही असं मी कित्येक वर्षं समजत होते.

त्या सहा हिवाळ्यांच्या शेवटी आप्पा रिटायर झाले तेव्हा मिलनं नारळ दिला आणि एक नवी चादर. आई सवयीनं ती ट्रंकेत ठेवायला निघाली. आप्पा म्हणाले, “न्हाय. आज ही मीच घेणार.” आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःसाठी काही मागितलं होतं. थंडीचेच दिवस होते. रात्री मी भिंतीपलीकडे पडून ऐकत होते. करकर. कूस बदलली. करकर. पुन्हा कूस बदलली. थोड्या वेळानं ते उठून बसल्याचा आवाज आला. 

पहाटे भोंगा झाला. आता तो त्यांच्यासाठी नव्हता, तरी ते उठलेले होते. अंगणात धुण्याच्या दगडापाशी उकिडवे बसून त्यांनी ती चादर बादलीत बुडवली होती आणि आपटत होते. जन्मात त्यांनी रुमाल धुतला नव्हता. मी दारात उभी राहिले. त्यांनी मान वर केली नाही.

“केमला तुला थंडी वाजली व्हती,” म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.

“हो आप्पा. खूप.”

“सांगितलं न्हाईस.”

“नोकरी सोडावी लागली असती.”

त्यांनी चादर आणखी एकदा आपटली. खळीचं पांढरं पाणी दगडावरून वाहून त्यांच्या पायाशी आलं. मग त्यांनी ती ओली, जड चादर दोन्ही हातांनी उचलली आणि तिचं एक टोक माझ्याकडे केलं.

“धर,” म्हणाले. “एकट्याला पिळत न्हाय ही.”

मी टोक धरलं. ते एकीकडे, मी दुसरीकडे, उलट्या बाजूंनी पीळ देत राहिलो. पाणी धो धो गळत होतं आणि आमच्या दोघांच्याही पायांना थंडी वाजत होती. आप्पांनी पीळ सोडला, कापड गालाला लावून बघितलं आणि पुन्हा बादलीकडे वळले.

“अजून तीन पानी लागतील,” म्हणाले.